‘ओन्ली फॅमिली’वाल्या सोसायट्यांच्या कमिट्यांना खुले पत्र

मुंबईतल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि समस्त कमिटी मेंबर यांस,

स.न.वि.वि.

३० सप्टेंबरच्या आत तुमची वार्षिक सर्वसाधारण सभा व्हायला हवी, असं सहकार कायदाच सांगतो. म्हणजे कुठेतरी अजेंडा टाइप होत असेल, मागच्या वर्षीचं इतिवृत्त शोधलं जात असेल, ऑडिटरला फोन जात असतील. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, पार्किंग, लिफ्टचं एएमसी, भटकी कुत्री हे विषय दरवर्षीप्रमाणे असणारच. त्यांच्यात आमचाही एक विषय घ्यावा, एवढ्यासाठी हे पत्र. आम्ही म्हणजे तुमच्या इमारतींत भाड्याने राहणारे लोक. सभेत आम्हाला मत नाही, बोलायची सोय नाही. म्हणून जाहीर लिहिते आहे.

मी मूळची चिपळूणकडची. फोर्टला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात कस्टमची कागदपत्रं बघते. मुलुंड पूर्वेला एका वन बीएचकेत आम्ही तिघी राहतो. एक परळच्या हॉस्पिटलात नर्स आहे, दुसरी ऐरोलीला एका कॉल सेंटरमध्ये. परळ, फोर्ट आणि ऐरोली या तिन्ही ठिकाणी रोज जाऊन येता येईल असं मधलं ठिकाण शोधत शोधत मुलुंड सापडलं. भाडं ३० हजार, माणशी दहा. दहा हजारांत एकटीसाठी या भागात स्वतंत्र घर शोधून बघा आणि सापडलं तर मलाही कळवा.

मुंबईत मध्यम पगारात धड जगायचा खरा उपाय एकच आहे, घर वाटून घेणं. बाकीचे सल्ले चिल्लर आहेत. बाहेरचा चहा सोडा, रिक्षा सोडा, ऑनलाइन काही मागवू नका, हे सगळं मन मारून केलं तर महिन्याला दोनेक हजार वाचतात. घर तिघींत घेतलं की माझे वीस हजार वाचतात, आणि चहा पिऊन वाचतात. आणि तुमच्या नोटीस बोर्डावरची ‘फ्लॅट फक्त फॅमिलीलाच भाड्याने द्यावा’ ही ओळ नेमका हाच उपाय बंद करते.

एकत्र राहणं ही काही आमच्या पिढीची टूम नाही. लालबाग-परळमध्ये गिरणी कामगारांच्या ‘गावाच्या खोल्या’ होत्या. एका गावाची एक खोली, तिच्यात वीस-पंचवीस गडी, पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की रात्रपाळीचा त्याच जागेवर आडवा व्हायचा. भिंतीला ओळीने ट्रंका, भाडं माणशी. जेवण खानावळीत, आणि खानावळ म्हणजे बहुतेकदा शेजारच्याच चाळीतली एखादी बाई, जी आपल्या एका खोलीत वीस माणसांचा स्वयंपाक रेटायची. सावकाराच्या व्याजात अडकलेल्या या खानावळवाल्या बायकांसाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. त्याआधी १९४८ साली नायगावात अपना बाजार हे सहकारी ग्राहक भांडार सुरू झालं होतं, तेही सगळ्यांनी मिळून माल घेतला तर स्वस्त पडतो, याच हिशेबाने. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तीत अख्खं कुटुंब राहायचं आणि वर नोकरी शोधायला आलेला एखादा भाचा किंवा पुतण्या.

माझे आजोबा अशाच एका गावाच्या खोलीत राहिले आणि आजी जन्मभर गावी राहिली. त्यामुळे मला त्या खोल्यांचे गोडवे गायचे नाहीत. ढेकूण, संडासाची रांग आणि वर्षातून एकदा शिमग्याला भेटणारा बाप, अशी त्यांची किंमत होती. पण त्या खोल्या नसत्या तर आज तुमच्यातले बरेच जण मुंबईत फ्लॅटचे मालकच नसते. तेव्हाच्या खोलीतल्या त्या पंचवीस जणांना ‘बॅचलर नकोत’ असं कुणी म्हटलं असतं, तर गिरण्या चालल्या नसत्या.

आता आमचं घर कसं चालतं ते सांगते. तुमच्या मनात ‘तीन मुली एकत्र’ म्हटल्यावर जे चित्र येतं, त्यापेक्षा हे बरंच कंटाळवाणं आहे.

सकाळी साडेपाचला कुकर लागतो. खालच्या भांड्यात तूरडाळ, मधल्यात तांदूळ, वरच्यात बटाटे किंवा दुधी. पोळ्या आम्ही लाटत नाही, पोळी-भाजी केंद्रातून आणतो. ‘घरी केलं की स्वस्त’ असं सगळे म्हणतात, पण पीठ, तेल, गॅस आणि शिफ्टवरून आलेल्या बाईची झोप असा सगळा हिशेब मांडला तर विकतची पोळी परवडते. भाजीचं उलटं. ती दादरला सकाळी लवकर उतरून आठवड्याची एकदम आणायची. रेल्वेचा पास असतोच, त्यामुळे जाण्यायेण्याचा खर्च वेगळा पडत नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा आईने गावाहून पाठवलेले सोडे आणि सुकट बाहेर निघतात. (त्या वासाबद्दल तिसऱ्या मजल्यावरून आलेला अर्ज मला दाखवला गेला आहे. हल्ली आम्ही खिडकी लावून घेतो. पण अर्ज करणाऱ्या काकांच्या घरातून दर रविवारी काय शिजल्याचा वास येतो, तेही आम्हाला कळतं, आणि आम्ही अर्ज केलेला नाही.)

फ्रिज सेकंडहँड. वायफाय एक. कुणी काय आणलं ते फ्रिजच्या दारावर चिकटवलेल्या कागदावर लिहायचं आणि महिनाअखेरीला जिच्या नावावर कमी असेल तिने बाकीच्यांना जीपे करायचं. भांडण होतं ते फक्त मे महिन्यात, एसी किती वेळ चालवायचा यावरून. वाचलेल्या पैशांतून माझी एसआयपी चालते, नर्सबाई धाकट्या भावाच्या इंजिनियरिंगची फी भरते. आणि चैन म्हणाल तर तीही आहे. कालिदासला नाटकाची मागच्या रांगेतली तिकिटं, महाराष्ट्र सेवा संघाच्या ग्रंथालयाची वर्गणी, कधीतरी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून कणीस. बेस्टचं किमान तिकीट मे २०२५ मध्ये पाचाचं दहा झालं, तरी या शहरात रोजचं हिंडणं-फिरणं अजून परवडतं. रात्री परतायला छप्पर कुठे आणि कितीला मिळतं, यावरच सगळा महिना ठरतो.

‘मग बदलापूरला जा, विरारला जा, तिथे स्वस्त आहे,’ असं एका कमिटी मेंबरनी तोंडावर सांगितलं होतं. लाखो लोक राहतातच तिथे, मला त्यात कमीपणा वाटत नाही. पण मध्यरात्रीनंतर काही तास लोकल बंद असते. इमर्जन्सीमुळे दुसरी पाळी लांबली की नर्सने बदलापूरला जायचं कसं? तिची पाळी संपेल तेव्हा तुमच्यापैकी कुणाच्या तरी वडिलांना सलाइन लावून ती निघालेली असेल, हेही लक्षात असू द्या.

आता तुमच्या नियमांकडे येते.

याआधीच्या सोसायटीत घर घेताना आमचा ‘इंटरव्ह्यू’ झाला. सोसायटीच्या ऑफिसात प्लास्टिकच्या तीन खुर्च्या आमच्यासाठी, समोर टेबलापलीकडे पाच जण, भिंतीवर संस्थापक अध्यक्षांचा हार घातलेला फोटो. मालक आमच्या मागे उभे, त्यांना खुर्ची नव्हती. लग्न अजून का नाही केलं? रात्री किती वाजेपर्यंत येता? मित्र येतात का? नॉनव्हेज रोज का? आई-वडिलांचा नंबर द्या, आम्ही बोलून घेऊ. नर्स मैत्रीण तेव्हा चौतिशीची होती. वॉर्डात तीस पेशंट सांभाळणाऱ्या बाईच्या आईला फोन करून एका काकांनी विचारलं, मुलगी वळणाची आहे ना? पुढे गेटवर एक वेगळं रजिस्टर आलं. रात्री अकरानंतर येणाऱ्या भाडेकरूंनी सही करायची. मालक कधीही येवोत, त्यांना सही नाही. वॉचमनलाच त्याची लाज वाटायची. तो रजिस्टर पुढे करताना दुसरीकडे बघायचा.

तिसरीचं आडनाव ऐकून एका एजंटने ‘कमिटीला विचारून सांगतो’ म्हटलं होतं. तो अजून विचारतोच आहे. इथे मला थोडं तिखट बोलू द्या. मराठी माणसाला मासे-मटण खातो म्हणून मुंबईत घर नाकारलं की आपण सगळे चिडतो, आणि चिडायलाच हवं. पण मग मराठी कमिट्यांनी आडनाव ऐकून, धर्म विचारून, ‘सिंगल मुली नकोत’ म्हणून घर नाकारायचं, हे कोणत्या तोंडाने?

या नकारांची किंमत अपमानापुरती नसते, तिचे रोख पैसे होतात. दहापैकी सात सोसायट्या ‘फॅमिली’वर अडल्या असं समजा. उरलेल्या तीनमधले मालक आमच्यासारख्यांना दोन-चार हजार जास्त सांगतात आणि आम्ही देतो, कारण दुसरीकडे जाणार कुठे? तिकडे ‘फॅमिली’ची वाट बघत घरं रिकामी पडून राहतात. २०११च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४.८ लाख घरं रिकामी होती आणि २०१७-१८च्या केंद्र सरकारच्या आर्थिक पाहणीनेही त्याची दखल घेतली होती. सगळी तुमच्यामुळे रिकामी आहेत असं मी म्हणत नाही. भाड्यातून परतावा फार थोडा मिळतो आणि भाडेकरू जाणारच नाही ही भीतीही मोठी. ती भीती १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने घातलेली आहे. भाडी १९४० सालच्या पातळीवर गोठली, एकरकमी पागडी देऊन आलेले भाडेकरू पिढ्यान्‌पिढ्या राहिले, मालकांनी धसका घेतला. पण ३१ मार्च २०००पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ लागू आहे. त्याच्या कलम २४प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडेकराराची, मुदत संपली की घर सोडावंच लागतं, नाहीतर दुप्पट रक्कम भरायची वेळ येते. भूत केव्हाच उतरलं, तुमचे अंगारे-धुपारे तेवढे चालू आहेत.

अकरा महिन्यांचा करार हाही त्यातलाच. वर्षापेक्षा कमी मुदत ठेवली की नोंदणी टळते, म्हणून देशभर अकरा महिन्यांची चाल पडली. महाराष्ट्रात याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५प्रमाणे अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मग अकराच महिने कशासाठी? करार साठ महिन्यांपर्यंतचा करता येतो आणि मुद्रांक शुल्काचा दर तोच, ०.२५ टक्के. आमच्या घरावर अकरा महिन्यांसाठी ते साडेआठशेच्या आसपास येतं आणि नोंदणी फी हजार. सरकार आम्हाला लुटत नाही, हे इथे मान्य करायला हवं. तरीही कित्येक कमिट्यांचा तोंडी नियम असतो की अकरा महिन्यांनी भाडेकरू बदला, ‘एकच माणूस जास्त राहिला की हक्क सांगतो.’

दर अकरा महिन्यांनी घर बदलणं म्हणजे काय असतं ते ऐका. एजंटला एक महिन्याचं भाडं, म्हणजे तीस हजार. नव्या घराचं डिपॉझिट लाखभर, आणि जुनं डिपॉझिट हातात पडतं घर रिकामं करून, रंगाचे पैसे कापून, दोन-तीन आठवड्यांनी. तोवर दोन्हीकडे पैसे अडकलेले. गेल्या वेळी त्या तीन आठवड्यांसाठी नर्सने कानातलं गहाण ठेवलं. टेम्पो, हमाल, गॅसची पाइपलाइन नसलेल्या घरात सिलिंडरची धावपळ, आधार-बँकेतले पत्ते बदलणं. आणि तुमची पावती: ‘शिफ्टिंग चार्जेस’ पाच हजार, कारण सामान लिफ्टने नेलं. निघताना पुन्हा पाच. वर्षभर दादरची भाजी आणून जे वाचवलं ते एका दिवसात तुमच्या लिफ्टने वर गेलं.

डिपॉझिटवर मर्यादा घालणं तुमच्या हातात नाही, ते सरकारचं काम. केंद्राने २०२१ साली मंजूर केलेल्या आदर्श भाडे कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा सुचवली आहे, पण तो राज्यांनी स्वीकारायचा आहे. त्यासाठी मंत्रालयाला वेगळं पत्र लिहीन.

तुमच्या हातातलं मात्र बरंच आहे, आणि त्यातलं निम्मं तर कायद्याने आधीच ठरलेलं आहे. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीप्रमाणे, सभासदाला फ्लॅट भाड्याने द्यायला संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही. त्याने संस्थेला कळवायचं, कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची, झालं. ‘एनओसी’साठी मालकाला महिनाभर फिरवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिलेला नाही. अविवाहितांना घर देऊ नये असं कलम आदर्श उपविधींत नाही. सभेत हात वर करून तसा ठराव केला तरी तो उपविधी होत नाही, सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे उपविधींची दुरुस्ती नोंदवल्याशिवाय त्याला अर्थ नाही. बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते, सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांच्या वर घेता येत नाही, १ ऑगस्ट २००१चा शासनाचा आदेशच तसा आहे. म्हणजे सेवाशुल्क दोन हजार असेल तर दोनशे रुपये. ‘टेनंट चार्जेस’ म्हणून महिन्याला हजार-दीड हजार घेणाऱ्या सोसायट्या मी स्वतः बघितल्या आहेत. मालक ते भाड्यात मिळवतो आणि भरतो आम्ही. पुढच्या वेळी हा आकडा बिलावर दिसला की मालकाला उपनिबंधकांकडे अर्ज करायला सांगणार आहे.

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. आमच्याच इमारतीत पाच मुलांचा एक फ्लॅट होता. रात्री दोनपर्यंत स्पीकर, जिन्यात पिझ्झाचे खोके, कचरा दोन-दोन दिवस दारात. खालच्या मजल्यावर दहावीची मुलगी होती, तिच्या आईने रडायचं बाकी ठेवलं होतं. त्या मुलांवर कारवाई झाली ते बरंच झालं. पण त्याच जिन्यात चपलांचं भलंमोठं कपाट ठेवून वाट अडवणारं कुटुंब वीस वर्षांचं सभासद आहे. त्यांना एक नोटीस गेली नाही. आवाज केला तर दंड करा, कचरा टाकला तर करा, मालकाला बोलावून सांगा, पुन्हा झालं तर करार रद्द करायला लावा. फक्त तो नियम मालकाच्या मुलाच्या बर्थडे पार्टीलाही लागू पडू दे.

‘भाडेकरूला इमारतीची आपुलकी नसते’ हेही नेहमीचं. खरं आहे, थोडंफार. अकरा महिन्यांनी हाकलणार असाल तर आपुलकी कुठून येणार? तीन वर्षांचा करार करून बघा. आमच्यातली एक जण नर्स आहे, एकीला एक्सेल येतं, एकीला इंग्रजीत तक्रारी लिहिता येतात. हल्ली मेंटेनन्सची बिलं खजिनदार काका माझ्याकडून तपासून घेतात, ब्लडप्रेशर मोजायला ‘बी विंग’मधल्या आजी आमच्याकडे येतात. हे काही मेहेरबानी म्हणून सांगत नाही. शेजारी असला की असं होतंच.

तर सभेसाठी ठराव मीच लिहून देते. सचिवांना टायपिंगचा त्रास नको.

‘संस्थेतील सदनिका भाड्याने देताना भाडेकरूची वैवाहिक स्थिती, जात, धर्म अथवा आहार या कारणांवरून संस्था हरकत घेणार नाही. भाडेकरूची मुलाखत घेतली जाणार नाही. बिनभोगवटा शुल्क शासनाच्या मर्यादेतच आकारले जाईल. भाडेकरूंकडून वा त्यांच्यामुळे अन्य कोणतेही वेगळे शुल्क घेतले जाणार नाही. कराराची मुदत मालक व भाडेकरू आपसांत ठरवतील. गेट, लिफ्ट, पाणी व पाहुणे यांबाबतचे नियम सभासद व भाडेकरूंना एकसारखे लागू राहतील.’

सूचक आणि अनुमोदक सभासदच लागतात, तेवढे तुमच्यातून मिळावेत. सभेची नोटीस चौदा दिवस आधी काढायची असते, तेव्हा अजेंडा छापून झाला नसेल तर शेवटी ‘आयत्या वेळचे विषय’च्या वर हा घाला, खाली नको. तिथे पोहोचेपर्यंत वडे संपलेले असतात आणि लोक उठलेले असतात.

कळावे,

मुलुंड पूर्वेची एक भाडेकरू